सेल उतरतील, गेणू

गेणू,

शाळेतले गुरुजी आले होते. म्हणाले, कोंडाजीबाबा, तेराव्याला गेणूभाऊंबद्दल चार शब्द वाचून दाखवू, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. मी म्हणालो, माझा हात मोडलेला नाही. तिसरीतून शाळा सुटली तरी अक्षर सुटलेलं नाही. मुखवट्याच्या पापणीची रेघ एका दमात ओढणारा हात आहे हा, त्याला दोन कागद जड नाहीत. गुरुजी कागद ठेवून गेले.

पण बसलो आणि हात चालेना. तू कधी जन्मलास, गॅसबत्त्या दुरुस्त करायला कुठं शिकलास, किती लग्नांत उजेड पुरवलास, ते गावाला माहीत आहे. ते कशाला लिहू? मला एकच गोष्ट समजत नाही. तू उत्तर न देता गेलास कसा? आख्ख्या जन्मात तू मला शेवटचा शब्द बोलू दिला नाहीस. बांधावर भांडलो, बाजारात भांडलो, तुझ्या पोराच्या लग्नात हळद लागत असताना भांडलो. प्रत्येक वेळी मी उठून चालायला लागलो की मागून तुझं काहीतरी यायचंच. आणि आता नाही. मी अजून अंगणातून जाताना पाठीमागं कान ठेवतो.

उद्या तुझं तेरावं. मला हे अजून खरं वाटत नाही.

सगळं त्या गुळाच्या पुड्यापासून सुरू झालं. राजूरच्या बाजारातून तू गूळ आणलास, तो कुठल्या तरी जुन्या दिवाळी अंकाच्या पानात बांधलेला. गूळ घरी वहिनींकडे दिलास आणि पान घेऊन थेट माझ्या पडवीत आलास. पानावर चित्र होतं. दुसऱ्या ताऱ्यावरून आलेला शिपाई, अंगभर चिलखत, डोक्यावर घागरीसारखा गोल टोप आणि टोपाच्या आत दिवा. चिकट बोटांनी पान धरून तू मला गोष्ट वाचून दाखवलीस. तो शिपाई एका गावाच्या शिवारात उतरतो, कुत्री भुंकतात, माणसं कंदील घेऊन बाहेर येतात, तो हात वर करतो, आणि पान संपतं. पुढचं पान दुकानदारानं कुणाला तरी मिरची बांधून देऊन टाकलं होतं. पुढच्या बाजारी तू जाऊन त्याची सगळी रद्दी उपसलीस. त्यानं तुला वजनाचं माप दाखवून हाकललं, हे तूच हसत हसत सांगितलंस.

मग म्हणालास, "कोंड्या, औंदा बोहाड्यात ह्येच सोंग काढायचं. चिलखत मी करतो, टोप तू कर."

मी लई हसलो. देवीच्या बोहाड्यात मुखवटे चढवून गणपती येतो, सरस्वती येते, वेताळ येतो, रावण येतो. सोंग म्हणजे तोंडाला काहीतरी बांधून उड्या मारणं नव्हे, हे मी तुला सांगत बसलो, जसं काही तुला माहीत नव्हतं. ज्या घराचं सोंग त्या घराचा मान. कुणाच्या घरी नारद, कुणाच्या घरी भस्मासुर, हे आज्याच्या आज्यापासून ठरलेलं. ते मुखवटे माझ्या बापानं केले आणि त्याच्या मागं मी केले. त्यात हे घासलेटच्या डब्यातलं भूत कुठून घुसवायचं?

तू म्हणालास, चंद्रावर माणसं उतरली, आपण दोघांनी धरणाच्या वसाहतीतल्या रेडिओवर ऐकलं. आपली माणसं तिकडं जाऊ शकतात तर तिकडचं कुणी हिकडं येणार नाही कशावरून? आणि आलं तर उतरायला ह्या डोंगरापेक्षा बरी जागा कुठली?

ह्यावर मी टोपासाठी कागद भिजत घातले.

पंचांपुढं तू गेलास तेव्हा मी मागं उभा होतो. तू फार बोलला नाहीस, आणि तेच मला लागलं. कारण तुझ्या घराला कुठल्याच सोंगाचा मान नव्हता. तुझा बाप सोंगांपुढं टेंभा धरायचा, तू गॅसबत्ती धरत आलास. गणपती आला की उजेड त्याच्यावर, रावण आला की उजेड त्याच्यावर, आणि तू कायम अंधाराच्या बाजूला. तू कधी बोलून दाखवलं नाहीस. मीही विचारलं नाही. एवढं भांडलो आपण आणि हे एक कधी बोललो नाही.

पंच कबूल झाले, पण दोन गोष्टी आडव्या आल्या. एक, पाटील म्हणाले, सोंग ह्याच वर्षी निघालं पाहिजे. निघालं तर मान तुझ्या घराचा, निघालं नाही तर पुन्हा मागायचं नाही. दुसरी महादूची अडचण होती. महादू आपला संबळवाला. सोंग आखाड्यात उतरतं तेव्हा देव असेल तर तो संथ चाल वाजवतो, राक्षस असेल तर उसळती. सोंगानं त्या चालीवरच पावलं टाकायची. महादू म्हणाला, "ह्यो तुमचा ताऱ्यावरचा देव हाय का राक्षस, त्ये मला आदी सांगा. मग मी वाजवतो."

झालं. भांडायला आपल्याला नवीन कारण मिळालं.

तू म्हणायचास देव. आभाळातून येतो, डोक्यात उजेड आहे, हात वर करतो म्हणजे आशीर्वादच देत असणार. मी म्हणायचो राक्षस. देवाला चिलखत कशाला लागेल? तो कुणाला भितो? आणि हात वर केला तो मारायला केला नसेल कशावरून? पुढचं पान कुठं आहे? तू म्हणायचास, पुढचं पान मिरचीला गेलं, आता आपण ठरवू तेच खरं. मी म्हणायचो, मी ठरवलंय. राक्षस.

चैत्र सगळा ह्यात गेला. तू घासलेटचे डबे कापून, हातोडीनं ठोकून, छातीचा पत्रा केलास, खांद्याच्या वाट्या केल्यास, रिबिटं मारलीस. सांध्यांना सायकलच्या ट्यूबचे पट्टे लावलेस, म्हणजे हात वाकेल. पत्र्याच्या कडा कातडं सोलायच्या, म्हणून मी आतून कागदाचा लगदा थापला, मेथीचं पीठ घालून, वाळवी लागू नये असा. टोप मी पालथ्या घागरीवर उतरवला, थरावर थर, तुझ्या अंगणातल्या उन्हात वाळवला. चेहऱ्याच्या जागी तू गॅसबत्तीचा अभ्रक बसवलास. जुन्या बॅटरीतले बल्ब काढून आत लावलेस, सेल कमरेच्या पट्ट्यात, वायर मानेमागून, आणि बॅटरीचाच सरकता खटका अंगठ्याखाली येईल असा. काम तुझं सुबक होतं. तेव्हा म्हणालो नाही. म्हणालो होतो की रिबिटं वाकडी आहेत.

पहिल्यांदा तू टोप घातलास तो दिवस मला आठवतो. खटका सरकवलास आणि अभ्रकाआड तुझं तोंड असं उजळलं की माझ्या अंगावर काटा आला. तू एक पाऊल टाकलंस, दुसरं टाकलंस आणि सरळ माझ्या उकिरड्यात जाऊन बसलास. आतला उजेड डोळ्यांत शिरला की बाहेरचं काही दिसत नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. जन्मभर लोकांना उजेड दाखवणारा माणूस स्वतःच्या उजेडात आंधळा झाला, म्हणून मी लोळून हसलो. तू शेणातून म्हणालास, "हस. ताऱ्यावरनं आल्याव पयलं शेनच लागनार हिथं."

मग मी टोपाच्या आत भुवयांच्या वर कागदाचा छज्जा केला. उजेड वर अडला, तोंड खाली अंधारात गेलं आणि डोळ्यांना वाट झाली. तू घालून बघितलंस, अंगणभर फिरलास, आणि पहिल्यांदा म्हणालास, कोंड्याला अक्कल हाय. लगेच पुढं जोडलंस, उशिरा येती.

तुझा डावा पाय ओढायचा. मांडवात बत्ती टांगताना शिडीवरून पडलास त्याला किती तरी वर्षं झाली. चिलखत घालून चालायला लागलास की पत्रा एकदा ठणकायचा आणि एकदा जमिनीला घासायचा. मी तुला विचारलं, आखाड्यात चालीवर पाऊल कसं टाकणार तू? सोंगाचं पाऊल चुकलं तर गाव हसेल. तू खांद्याची वाटी नीट करत म्हणालास, "त्यो परक्या ताऱ्यावरचा हाय. त्याची चाल कशी असती त्ये कुनाला म्हाईत हाय?"

हे तुझं वाक्य तेव्हा मी सोडून दिलं. पुढं कामाला आलं, ते सांगतो.

आता तो दिवस. लिहू नये असं वाटतं. पण तिथं आपण दोघंच होतो, मी नाही लिहिलं तर कुणाला कळणार नाही.

दुपार होती. तू माझ्या पडवीत मेढीच्या खांबाला टेकून बसला होतास, टोप आणि सेलचा पट्टा मांडीवर. मी तुझ्याकडे पाठ करून छातीच्या पत्र्याला आतून शेवटचा थर देत होतो, हात कोपरापर्यंत बरबटलेले. तू खटका सरकवलास. कुडावर पिवळा उजेड पडला, तो मला दिसला. तू म्हणालास, "कोंड्या, बघ की."

मी बघितलं नाही. म्हणालो, "बंद कर दिवा. सेल उतरतील, गेणू."

तू बंद केला नाहीस. मला वाटलं, मला चिडवायला. मग मी वाद काढला. बोहाडा चार दिवसांवर आलेला, महादू सकाळीच विचारून गेला होता. मी म्हणालो, हे बघ, आज ठरव. देव कुणाला भीती घालत नाही. गावात बाया-पोरं असतात, त्यांच्या पुढं हे तोंड नसलेलं धूड येणार, त्याला देव म्हणून हात जोडायला सांगतोस का तू? मला त्या दिवशी शब्द चांगले सुचत होते. मी एकामागून एक मुद्दा काढत गेलो आणि तू एकही तोडला नाहीस. माझं बोलून झालं. तू गप्प. मला वाटलं, हरला. शेवटी हरला एकदाचा. मला इतकं बरं वाटलं गेणू, की मी लगदा लावता लावता गुणगुणायला लागलो.

मग हात धुवायला वळलो.

तू टोपाकडेच बघत होतास. उजेड खालून हनुवटीवर पडला होता. तुझ्या भुवईवर माशी बसली होती आणि तू तिला हाकलत नव्हतास. एवढंच. दुसरं काही नाही. तू कण्हला नाहीस, टोप हातातून पडला नाही, मेढीला टेकलेलं डोकं कललंसुद्धा नाही. माझ्या मागं, हाताच्या अंतरावर, मी बोलत असताना. मी किती वेळ कुणाशी बोलत होतो? धरणाच्या वसाहतीतले डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. मी त्यांना विचारलं, माझं बोलणं त्याला कुठपर्यंत ऐकू आलं असेल?

तुला उचलून नेलं तेव्हा दिवा चालूच होता. तो कुणी बंद केला, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाटलांनी मला बोलावलं. तुझा पोरगा निवृत्ती सुतकात, त्याला तेराव्यापर्यंत सोंगाला हात लावता येत नाही. बोहाडा गावाचा, देवीचा, तो पुढं ढकलता येत नाही. पाटील म्हणाले, "कोंडाजी, तू घाल. तुला काय सुतक न्हाई."

गेणू, तुझ्या मरणानं बसला नाही तेवढा धक्का मला ह्या शब्दांनी बसला. बरोबरच बोलले ते. तू माझा भाऊ नाहीस, भावकी नाहीस. ज्या चुलत्यानं तुझ्याशी बांधावरून कोर्टात भांडण केलं, त्याला तुझं सुतक आहे. तो दाढी वाढवून दारात बसलाय, लोक येऊन त्याला धीर देतात. मला काही नाही. मी देवळात जाऊ शकतो, गोडधोड खाऊ शकतो, सोंग घेऊन नाचू शकतो. मी सगळ्याला मोकळा. एवढा मोकळा मी जन्मात कधी नव्हतो.

मी म्हणालो, घालतो, पण आखाड्यात नाव पुकाराल ते गेणूच्या घरचं. पाटील म्हणाले, सुतकातल्या घराचं नाव देवीपुढं घेता येत नाही, तुझं नाव पुकारू. म्हणजे मान माझ्या घराला. मी म्हणालो, मग सोंग निघणार नाही. चिलखत प्रवरेत नेऊन टाकीन. आणि उठलो. मागून कुणी काही बोललं नाही. तू असतास तर बोलला असतास.

घरी येऊन बसलो. नाही काढलं तर तुझा मान कायमचा गेला, काढलं तर तो मी खाल्ला. दोन्हीकडून मीच. जेवलो नाही. आमची म्हातारी म्हणाली, तुम्हाला कुठं सुतक आहे, जेवा. तिलाही तेच सुचलं.

सकाळी निवृत्ती आला, लांबूनच म्हणाला, आईनं बोलावलंय. मी तुझ्या दारात उभा राहिलो. वहिनी आत, उंबऱ्याच्या पलीकडं अंधारात बसलेल्या. मी जमिनीकडे बघून म्हणालो, वहिनी, मी ते सोंग घालणार नाही.

त्या म्हणाल्या, "भाऊजी, नावाचं ऱ्हाऊ द्या. त्यांनी त्याच्यापायी म्हैनाभर माझं घासलेटचं डबं पळवलं. त्ये बाहीर पडाय पायजे."

मी म्हणालो, पडेल, पण ते देव म्हणून का राक्षस म्हणून? ते न ठरवता गेला तो. मला त्याच्या मनातलं माहीत आहे. देव म्हणून नाचायचं तर मला पटत नाही, आणि राक्षस म्हणून नाचलो तर तो नसताना जिंकल्यासारखं होईल.

आतून वहिनी म्हणाल्या, "देव? घरी तर राक्षस म्हनायचे. मी म्हनायची, अवो त्यो देव असंल. तर म्हनायचे, तुला काय कळतंय, देवाला चिलखत कशाला लागंल."

माझे शब्द. माझेच शब्द, गेणू. माझ्या पडवीत देव म्हणायचास आणि तुझ्या चुलीपुढं बसून माझ्या बाजूनं भांडायचास. मग तुझ्या मनात होतं तरी काय? का काहीच नव्हतं, आणि दोन्हीकडं नुसतं भांडण चालू राहावं एवढंच पाहिजे होतं? मी तिथंच दारात बसलो. वहिनींनी निवृत्तीला मला पाणी द्यायला सांगितलं, मग आठवलं की त्यांच्या घरचं पाणी सुतकात मला चालत नाही. मी म्हणालो, द्या. मी पिलो. ज्याला काय म्हणायचं ते म्हणो.

बोहाड्याच्या पहिल्या दिवशी दिवेलागणीला मी तुझं चिलखत चढवलं. छातीवर बरोबर बसलं, खांद्याला थोडं काचलं. गणपती येऊन गेला, सरस्वती येऊन गेली. मी कनातीच्या मागं उभा. बत्ती धरायला तू नव्हतास, दुसरंच कुणीतरी होतं, आणि तो उजेड हलत होता. तुझा कधी हलला नाही.

महादू संबळ कमरेला बांधून कनातीत आला. म्हणाला, "बाबा, आता तरी सांगा. देवाची का राक्षसाची?"

मला तुझं ते वाक्य आठवलं, त्याची चाल कशी असती ते कुणाला माहीत आहे. मी म्हणालो, "दोन्ही नको. गेणूची वाजव."

तुझ्या बत्तीच्या उजेडात वाजवत म्हातारा झालेला माणूस तो. संबळाचा पट्टा आवळून बाहेर गेला. सोंगाचं नाव पुकारलं, घर म्हणून माझं नाव पुकारलं, आणि महादूनं संबळाच्या एका भांड्यावर ठोका मारला आणि दुसऱ्यावर काठी घासली. एक ठोका, एक घास. एक ठोका, एक घास. मी खटका सरकवला आणि बाहेर आलो. उजवा पाय टेकवला, डावा ओढला. पत्रा ठणकला, मग घासला.

पुढं बसलेली पोरं मागं सरकली. मग बायांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, अगं बया, ह्यो तर गेनू. आणि ते सगळीकडं पसरत गेलं, गेनू, गेनू, अभ्रकाच्या आतून मला ते घुमल्यासारखं ऐकू येत होतं. नाव पुकारायचं नव्हतं ना देवीपुढं? कुणी पुकारलं नाही. पाटलांनीही नाही. गावानं ओळखलं त्याला मी काय करू?

आखाड्याच्या मध्ये जाऊन मी हात वर केला, चित्रात होता तसा. पुढं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. पुढचं पान नव्हतंच. म्हणून तसाच उभा राहिलो. छज्ज्याच्या खालून मला लोक दिसत होते, त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं, आणि हे फार बरं झालं.

दुसऱ्या दिवशी पाटील वाटेत भेटले. थांबले नाहीत, चालता चालताच म्हणाले, निवृत्तीला सांग, पुढच्या बोहाड्यापर्यंत ती चाल शिकून घे म्हणावं. मी म्हणालो, सांगतो. उद्या तेरावं झालं की सांगणार आहे. पाय ओढायचा कसा ते मीच शिकवीन. तुझा पोरगा तरणाताठा आहे, त्याला अवघड जाईल.

टोप पट्ट्यासकट माझ्या पडवीत आहे, तू बसायचास त्या मेढीला टांगलाय. आखाड्यातून आल्यावर मी खटका मागं ओढला नाही. दिवा चालू राहू दिला. जेवताना दिसत होता, अंथरुणावरून दिसत होता. हळूहळू पिवळा झाला, मग तांबडा, मग विझला. सेल उतरले. उतरू देत. राजूरच्या बाजारातून नवे आणीन.

पण एक लक्षात ठेव. वहिनींनी सांगितलं म्हणून मी माघार घेतलेली नाही. तू घरी काय बोलायचास ते मला सांगू नकोस, माझ्या पडवीत काय बोललास ते मी धरून आहे. ते अंगावर घालून मी आखाड्यात उभा राहिलो आहे, आता मला जास्त कळतं. तो राक्षसच आहे, गेणू.

मी पाठ करून बसलोय. बोल काय बोलायचं ते.

कोंडाजी